काशीला काय सोडून यावे?

धूम्रपानमुक्ती आणि माणसाचा स्वभाव

आपल्याकडे काशीयात्रेला एक जुनी रीत जोडलेली आहे. यात्रा करून परतलेल्या वडीलधाऱ्यांना, गंगेचे तीर्थ घेता घेता, शेजारीपाजारी हमखास विचारतात, "मग, काशीला काय सोडून आलात?" कोणी वांगे सोडलेले असते, कोणी पेरू, कोणी एखादे गोड पक्वान्न. आवडीची वस्तू गंगेच्या साक्षीने सोडायची आणि पुन्हा उभ्या जन्मात तिला शिवायचे नाही, असा हा संकल्प. मिस्कील माणसे मात्र असेही सांगतात, की पुष्कळ जण मुळात न आवडणारी भाजीच काशीला सोडून येतात आणि जी वस्तू खरोखर सुटायला हवी ती खिशात तशीच परत आणतात.

ही खिशातली वस्तू म्हणजे विडीचे बंडल किंवा सिगारेटचे पाकीट. वांगे सोडणारे आजोबा पुढे तीस वर्षे वांग्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण तेच आजोबा दर नवीन वर्षाला सिगारेट सोडतात आणि संक्रांतीच्या आत पुन्हा पेटवतात. संकल्प करणारा माणूस एकच, मग एक संकल्प टिकतो आणि दुसरा का मोडतो? आणि दोन सख्ख्या भावांपैकी एकाची सिगारेट एका दिवसात सुटते, दुसऱ्याची दहा प्रयत्नांनंतरही सुटत नाही, हे कसे? 'त्याच्या मनाला निग्रहच नाही' हे आपले ठरलेले उत्तर. मानसशास्त्राचे उत्तर याहून अधिक सावध आहे आणि सोडू पाहणाऱ्याला अधिक उपयोगाचेही आहे.

बँकेच्या ग्राहकाला ही विचारपद्धती नवी वाटू नये. गुंतवणुकीचा सल्ला देणारा जाणता माणूस प्रथम आपले वय, उत्पन्न आणि जबाबदाऱ्या विचारतो. आणि त्यानंतर विचारतो, की बाजार घसरला तर आपल्याला रात्री झोप लागेल का? कारण योजना कितीही उत्तम असली तरी ती गुंतवणूकदाराच्या स्वभावाला मानवली नाही, तर तो ती नको त्या क्षणी मोडतो. धूम्रपानमुक्तीच्या योजनेचेही नेमके असेच आहे.

पानाच्या गादीवरून

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १६७४ साली शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते अहिल्याबाई होळकरांनी. गंगेच्या काठाने चालत गेले तर अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट अशी आपल्या ओळखीची नावे भेटतात, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून अनेक पिढ्या तेथेच नांदलेली मराठी कुटुंबे.

याच नगरीची दुसरी ओळख म्हणजे पान. बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पानाच्या गादीवर आणि चहाच्या टपरीवर तेथे जी मैफल जमते, तिला राजकारणापासून संगीतापर्यंत कोणताही विषय वर्ज्य नसतो. पण त्या मैफलीत जर्दा, सुरती, खैनी, विडी आणि सिगारेट हीदेखील मानाच्या जागी बसलेली असतात. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशात ३५.५ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या; महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. देशाचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले होते, ही त्यातील दिलासा देणारी गोष्ट.

तंबाखूची किंमत कोठे चुकती होते, तेही या शहरात दिसते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने चालविलेली दोन कर्करोग रुग्णालये वाराणसीत आहेत : बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र आणि लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी या दोहोंचे लोकार्पण झाले. त्यापूर्वी या भागातील कितीतरी रुग्णांना उपचारांसाठी मुंबई गाठावी लागे.

त्याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा विचार करीत होते आणि ३८.५ टक्के लोकांनी मागील बारा महिन्यांत तसा प्रयत्नही केलेला होता. म्हणजे इच्छेचा दुष्काळ मुळीच नाही. अडते ते इच्छेच्या पुढच्या पावलाला.

स्वभावाचे पाच पैलू

माणसाचा स्वभाव मोजायचा कसा? गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांत बऱ्यापैकी मान्य झालेली पद्धत पाच पैलूंची आहे. पहिला पैलू भावनिक अस्थैर्याचा, म्हणजे चिंता, चिडचीड, उदासपणा लवकर येण्याचा. दुसरा बहिर्मुखतेचा, चार माणसांत रमण्याचा. तिसरा नव्या अनुभवांविषयीच्या खुलेपणाचा. चौथा सौहार्दाचा, दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा. पाचवा नेटकेपणाचा, म्हणजे शिस्त, नियोजन आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा. यांतील कोणताही पैलू कोणात पूर्ण असतो वा मुळीच नसतो असे नव्हे. उंचीप्रमाणे तो प्रत्येकात कमी-अधिक असतो आणि बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात मोडतात.

या पैलूंचा धूम्रपानाशी काय संबंध, याचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ दीर्घकालीन पाहण्यांतील ७९,७५७ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली होती. निष्कर्ष असे : जे धूम्रपान करीत नव्हते त्यांच्यापैकी पुढे कोण ते सुरू करील, याचा अंदाज दोन पैलूंवरून येत होता. बहिर्मुख माणसे सुरू करण्याची शक्यता अधिक आणि नेटक्या स्वभावाची माणसे सुरू करण्याची शक्यता कमी. मात्र, एकदा सवय जडल्यानंतर ती सुटेल का आणि सुटलेली पुन्हा जडेल का, या दोन्ही प्रश्नांशी स्पष्ट संबंध दिसला तो भावनिक अस्थैर्याचा. हा पैलू जितका ठळक, तितके सोडणे अवघड आणि पुन्हा सुरू होणे सोपे.

या निष्कर्षापाशी क्षणभर थांबणे योग्य ठरेल. सिगारेट न सुटणाऱ्या माणसाला घरचे लोक 'तुला शिस्तच नाही' असे सुनावतात. ही आकडेवारी मात्र वेगळीच दिशा दाखविते. शिस्तीचा पहारा मुख्यतः पहिल्या दारावर असतो. आत शिरलेल्या व्यसनाला बाहेर काढताना आडवी येते ती चिंता. म्हणून अशा माणसाला रागावून, लाजवून किंवा धाक घालून त्याची चिंता वाढविणे म्हणजे त्याच्या वाटेत आपणच काटे पसरणे होय.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे परिणाम खरे असले तरी फार मोठे नाहीत. भावनिक अस्थैर्य एका प्रमाण मापाने अधिक असेल, तर सुटण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि पुन्हा जडण्याचे सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. एवढ्याने कोणाचे विधिलिखित ठरत नाही. स्वभाव हा वाऱ्यासारखा आहे. उलटा असला तर नाव हाकणाऱ्याला वल्ही जोराने मारावी लागतात इतकेच. पैलतीर जागच्या जागीच असतो.

चौघे यात्रेकरू

विषय स्पष्ट होण्यासाठी चौघे मित्र काशीला निघाले आहेत असे कल्पू या. चौघेही पन्नाशीच्या आसपासचे, चौघांच्याही खिशात सिगारेट. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीस पोहोचायला एका दिवसाहून अधिक काळ लागतो आणि गाडीत धूम्रपानास बंदी. इटारसी, जबलपूर, सतना अशी स्थानके मागे पडतात. चौघे अहिल्याबाई घाटावर स्नान करतात आणि यंदा वांग्याऐवजी सिगारेट सोडण्याचा संकल्प करतात. पुढे काय होते, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून राहते.

पहिले गृहस्थ काळजीखोर. मुलीचे लग्न, कार्यालयातील बदली, स्वतःचा रक्तदाब अशी एकेक काळजी त्यांच्या मनात ठाण मांडून असते. त्यांची ठाम समजूत अशी, की सिगारेट ओढली की मन शांत होते. यात अर्धेच सत्य आहे. निकोटीन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की अस्वस्थता सुरू होते, आणि पुढची सिगारेट शमविते ती मुख्यतः ही अस्वस्थता. म्हणजे सावकाराने आपलेच पैसे आपल्याला उसने द्यावेत आणि वर आपण त्याचे उपकार मानावेत, असा हा व्यवहार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, २६ अभ्यासांच्या आढाव्यात असे दिसले, की धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, उदासपणा आणि ताण काही आठवड्यांनंतर पूर्वीपेक्षा कमी झालेला होता. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत तसा बदल नव्हता.

पण त्यापूर्वीचे दोन ते चार आठवडे कठीण असतात, आणि त्यातही पहिले तीन-चार दिवस. काळजीखोर माणसाला नेमके हेच दिवस असह्य होतात, म्हणून त्याने ते एकट्याने काढू नयेत. वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनयुक्त च्युइंगगम, त्वचेवर लावायची पट्टी किंवा अन्य औषधे घेणे हा दुबळेपणा नव्हे. त्याने संकल्पाचा दिवसही जपून निवडावा. मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात सिगारेट सोडू नये. दीर्घ श्वसन, सकाळचे चालणे आणि पुरेशी झोप ही त्याच्या बाबतीत औषधाची जोड होय.

दुसरे गृहस्थ मैफलीचे. घरी चार दिवस सिगारेट मिळाली नाही तरी त्यांना आठवण होत नाही. पण टपरीवर मित्रांचे कोंडाळे जमले की हात आपोआप पुढे होतो. बहिर्मुख माणसाच्या बाबतीत सिगारेट ही बरीचशी निमंत्रणाची खूण असते. 'चल, एक मारून येऊ' या वाक्यात धुरापेक्षा सोबतीचे आमंत्रण अधिक असते. अशा माणसाला 'मित्रांत जाऊ नकोस' असे सांगणे व्यर्थ आहे, कारण सोबत हे त्याचे अन्नच होय. त्याने संकल्प गुप्त न ठेवता चारचौघांत जाहीर करावा, मित्रांना 'मला देऊ नका' असे स्पष्ट सांगावे, आणि शक्य तर एखाद्या मित्राबरोबरच सोडावे. चहाची मैफल चालू राहू द्यावी, पहिले काही आठवडे तिची जागा तेवढी बदलावी. त्याची बहिर्मुखता त्याला व्यसनात घेऊन गेली, तीच त्याला बाहेरही काढू शकते.

त्याच्यासाठी काशीत आणखी एक सापळा असतो. सिगारेट सोडली म्हणून मित्र प्रेमाने जर्द्याचे पान पुढे करतात. धूर थांबला तरी तंबाखू थांबलेला नसतो. तंबाखूयुक्त पान कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८० च्या दशकातच नोंदविले होते, आणि तंबाखूविरहित पानसुपारीलाही २००४ साली त्याच यादीत स्थान मिळाले. एका खात्यातील कर्ज दुसऱ्या खात्यात वळविले म्हणून ते फिटत नाही.

तिसरे गृहस्थ उतावळे. त्यांना उद्याच्या शंभर रुपयांपेक्षा आजचे पन्नास अधिक प्रिय. हा पैलू मोजण्याची एक पद्धत बँकेच्या व्याजगणितासारखीच आहे. आज अमुक रक्कम घ्याल की सहा महिन्यांनी अधिक रक्कम घ्याल, असे प्रश्न विचारून भविष्यातील लाभाला माणूस आज किती किंमत देतो ते काढतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांनी भावी लाभाचे मोल, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा आणि सोडून दिलेल्यांपेक्षाही, कमी लावलेले आढळले. अशा माणसाला वीस वर्षांनंतरच्या आजाराची भीती घालून उपयोग होत नाही. त्याला लाभ आज दिसला पाहिजे. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात, एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, जिभेची चव परत येते, नातवंड जवळ आले की तोंड फिरवीत नाही, हे त्याला सांगावे. आणि घरात पाकीट ठेवू नये. तल्लफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पाकीट हाताशी नसले, तर उतावळेपणाला करण्यासारखे फारसे उरत नाही.

चौथे गृहस्थ नेटके. त्यांनी संकल्पाचा दिवस पंचांग पाहून ठरविला, घरातील राखदाण्या टाकून दिल्या, रोजच्या रोजनिशीत नोंद ठेवली. पाच महिने सारे सुरळीत चालले. मग एका लग्नात व्याह्यांच्या आग्रहाखातर त्यांनी एक सिगारेट ओढली आणि 'आता व्रत मोडलेच' म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट विकत आणले. काटेकोर माणसाचा काटेकोरपणा येथे त्याच्याच विरुद्ध जातो. घसरणे वेगळे आणि परत फिरणे वेगळे, हा भेद व्यसनांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी फार महत्त्वाचा मानला आहे. एका सिगारेटने पाच महिने पुसले जात नाहीत. 'सर्व संपले' या विचाराने ते पुसले जातात. आपल्या परंपरेत व्रताबरोबर प्रायश्चित्ताचीही सोय आहे, ती काही उगीच नाही. चूक झाली, प्रायश्चित्त घेतले, व्रत पुढे चालू.

वांग्याचा संकल्प का टिकतो?

काशीच्या रीतीत पिढ्यान्‌पिढ्यांचे काही शहाणपण दडलेले आहे. त्या संकल्पाला निश्चित दिवस असतो. त्याला साक्षीदार असतात. 'कमी करीन' अशी पळवाट त्यात नसते. आणि परतल्यावर माणूस 'मला वांगे चालणार नाही' असे न म्हणता 'मी वांगे खात नाही' असे म्हणतो, म्हणजे ती गोष्ट त्याच्या ओळखीचाच भाग होते. यांतील तिसऱ्या मुद्द्याला आधुनिक पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींनी ठरलेल्या दिवशी एकदम सोडले, तर काहींनी आधी दोन आठवडे हळूहळू कमी करीत आणले. सहा महिन्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी २२ टक्के, तर हळूहळू सोडणाऱ्यांपैकी १५.५ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते. दोन्ही गटांना औषधांची आणि समुपदेशनाची जोड होती, हे विसरू नये.

मात्र वांगे आणि सिगारेट यांत एक मूलभूत फरक आहे. वांगे सोडले म्हणून हात थरथरत नाहीत की रात्री जाग येत नाही. निकोटीनचे अवलंबन शरीराचे असते, आणि ते किती खोल आहे याची एक सोपी खूण आहे. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबन बरेच आहे, पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर फारच. अशा माणसाचा स्वभाव कितीही नेटका असो, त्याने वैद्यकीय मदतीशिवाय हा डाव मांडू नये. निव्वळ स्वतःच्या बळावर केलेल्या प्रयत्नांपैकी शंभरांत तीन ते पाचच वर्षभर टिकतात. पहिल्या चार प्रयत्नांत अपयश आले तर तो स्वभावाचा दोष मानण्याचे कारण नाही. बहुतेकांचे तसेच होते.

बचत खात्यातील संकल्प

आता थोडे आपल्या व्यवहाराकडे वळू. फिलिपिन्समधील मिंदानाओ बेटावर एका बँकेने संशोधकांच्या साह्याने धूम्रपान करणाऱ्यांसाठी एक आगळे बचत खाते उघडले. खातेदाराने सहा महिने त्यात आपल्या इच्छेने पैसे भरायचे. मुदतीअखेर लघवीच्या तपासणीत निकोटीन आढळले नाही तर सर्व रक्कम परत. आढळले तर ती धर्मादाय कार्यास जाणार. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्यांना असे खाते देऊ केले त्यांपैकी ११ टक्के लोकांनीच ते उघडले. तरीही खाते देऊ केलेल्या संपूर्ण गटात सहा महिन्यांची तपासणी उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, न देऊ केलेल्यांपेक्षा सुमारे ३ टक्के बिंदूंनी अधिक होते. आणि वर्षअखेर अचानक घेतलेल्या तपासणीतही तो फरक टिकून होता.

स्वतःचे पैसे पणाला लावणे सर्वांना मानवत नाही, हेही तितकेच खरे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केवळ बक्षिसाची योजना ९० टक्के लोकांनी स्वीकारली, तर स्वतःची अनामत ठेवण्याची योजना १३.७ टक्क्यांनीच. त्यामुळे एकंदरीत बक्षीस देऊ केलेल्या गटात अधिक लोकांची सिगारेट सुटली. पण ज्यांना दोन्ही योजना चालल्या असत्या अशांचा वेगळा विचार केला, तेव्हा अनामतीची योजना अधिक परिणामकारक ठरली. एकच योजना सर्वांसाठी उत्तम नसते, हे सूत्र येथेही लागू पडते.

आपल्याकडे हाच विचार साधेपणाने अमलात आणता येईल. रोज सिगारेटवर शंभर रुपये खर्च होत असतील तर महिन्याचे तीन हजार होतात. संकल्पाच्या दिवशी तेवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडावे. हिशेबापुरता सहा टक्के व्याजदर धरला, तर दहा वर्षांत भरलेले ३ लाख ६० हजार रुपये सुमारे ४ लाख ९० हजार होतात. उतावळ्या माणसाने मुदत एकाच वर्षाची ठेवावी आणि त्या रकमेतून कुटुंबासह एखादा प्रवास करावा. काळजीखोराने ती रक्कम मुलीच्या नावे ठेवावी. मैफलीच्या माणसाने मित्राबरोबर पैज लावून दोघांनी बरोबरच खाती उघडावीत. नेटक्या माणसाला काही सुचविण्याची गरज नाही. त्याचे पासबुक तो स्वतःच नीट लिहून ठेवील.

एक सावधगिरीचा इशारा

स्वभाव आणि धूम्रपान या विषयाचा दुरुपयोगही झालेला आहे, त्याचे भान ठेवले पाहिजे. हान्स आयसेंक हे ब्रिटनमधील नामवंत मानसशास्त्रज्ञ. कर्करोगास धुरापेक्षा विशिष्ट प्रकारचा स्वभावच अधिक कारणीभूत असतो, असे निष्कर्ष त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत मांडले. त्यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता. २०१९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने केलेल्या चौकशीत अशा २६ शोधनिबंधांतील निष्कर्ष विश्वासार्ह नसल्याचे जाहीर झाले. तेव्हा 'माझा स्वभाव आनंदी आहे, मला काही होणार नाही' असे कोणी म्हणाले, तर त्याला शास्त्राचा आधार नाही. स्वभावावरून सोडण्याची वाट ठरते. धुराचा परिणाम स्वभाव पाहून होत नाही.

स्वभाव बदलतच नाही, हेही पूर्ण खरे नव्हे. दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या, २०१७ सालच्या एका संशोधनात दिसले, की समुपदेशन व उपचारांनी काही महिन्यांत स्वभावातही मोजता येण्याजोगा बदल होतो. आणि सर्वाधिक बदल होतो तो भावनिक अस्थैर्यात. म्हणजे जो पैलू सिगारेट सोडण्याच्या सर्वांत आड येतो, तोच उपचारांना सर्वाधिक दाद देतो.

मदत कोठे मिळेल?

भारत सरकारने २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू केली. २००७-०८ पासून राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१६ साली १८००-११-२३५६ हा निःशुल्क मार्गदर्शन क्रमांक कार्यान्वित झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जाऊ लागला. या सेवेच्या केंद्रांत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचाही समावेश झाल्याने मराठीतून बोलण्याची सोय झाली. सिगारेटला पर्याय म्हणून कोणी विजेवरील सिगारेट सुचविली, तर तिची विक्री आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे हे लक्षात ठेवावे.

'आता या वयात सोडून काय उपयोग?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटचा आकडा. ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी चाळिसाव्या वर्षी धूम्रपान सोडले त्यांनी सुमारे नऊ वर्षांचे आयुष्य वाचविले, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन. तीन वर्षे म्हणजे नातवाची मुंज, नातीचे शाळेतील पहिले पाऊल, आणि कदाचित आणखी एक काशीयात्रा.

ती यात्रा घडो वा न घडो, संकल्पासाठी गंगाच हवी असे नाही. आपल्या गावची नदी, घरचे देवघर किंवा जोडीदाराचा हात, यांतील कोणाचीही साक्ष पुरेशी आहे. फक्त त्यापूर्वी एक दिवस आपल्या स्वभावाची शांतपणे चौकशी करावी : मी कोठे घसरतो? काळजीत, मैफलीत, घाईत, की एका चुकीने निराश होऊन? ज्याला आपली घसरण्याची पायरी ठाऊक आहे, तो घाट जपून उतरतो. मग पुढच्या वेळी शेजाऱ्यांनी "काशीला काय सोडून आलात?" असे विचारले, की वांग्याचे नाव घेण्याची वेळ येणार नाही.